खाजणावरचं उद्यान: पाणी साचणाऱ्या एका कोपऱ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

नवी मुंबईच्या खाडीकडच्या एका नोडमधलं, म्हणजे शहराच्या एका आखीव उपनगरातलं, हे सार्वजनिक उद्यान. क्षेत्रफळ १० हेक्टर, म्हणजे २५ एकरांच्या आतबाहेर. नोड, सेक्टर आणि संबंधित कार्यालयं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, आणि मापं हिशेबाला सोपी पडावीत म्हणून ढोबळ आकड्यांत घेतली आहेत.

जागेची आधीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. मार्च १९७० मध्ये सिडको या शहर उभारणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या मिळून ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर नवं शहर आखलं गेलं. त्यातली खाडीलगतची बरीच जमीन खाजणाची, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली येणारी, आणि मिठागरांची. आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून ती खाडीकडून मिळवलेली होती. बांधाला ठरावीक जागी उघाडी असते. ही लाकडी झडप ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडते आणि भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच मिटते. पावसाच्या पहिल्या सरींनी मातीतला खार धुऊन निघाला, ते पाणी उघाडीतून गेलं, की मग खाचरात खार सोसणाऱ्या राता भाताची पेरणी. शहर वसवताना हेच तत्त्व मोठ्या मापात वापरलं गेलं. डच पद्धतीचे बंधारे, पावसाचं पाणी तात्पुरतं धरणारे धारण तलाव आणि त्यांच्या तोंडाशी भरतीला आपोआप मिटणारं फ्लॅप गेट. नोडच्या पातळीवर उघाडी टिकली. उद्यानाच्या पातळीवर मात्र ती कुणाच्या ध्यानात राहिली नाही.

आराखडा

उद्यानाचं मुख्य फाटक पूर्वेला, मोठ्या रस्त्यावर. तिथून ६ मीटर रुंदीचा सरळ पादचारी मार्ग मधल्या कारंज्यापर्यंत जातो. कारंज्याच्या उत्तरेला मुलांची खेळणी आणि रोपवाटिका, दक्षिणेला मोठी हिरवळ. सगळ्याला वेढून १.२ किलोमीटरचा जॉगिंग ट्रॅक. पश्चिमेच्या टोकाला खुला रंगमंच, त्यापलीकडे कुंपणाची भिंत आणि भिंतीबाहेर धारण तलावाकडे जाणारा पक्का नाला.

पूर्व फाटकापासून पश्चिम भिंतीपर्यंतच्या ४०० मीटरमध्ये जमीन सुमारे २ मीटर उतरते. हा २०० ला १ असा उतार चालताना पायांना जाणवत नाही, पण पाण्याला पुरेसा असतो. आराखडा काढणाऱ्यांना पश्चिमेला एक नैसर्गिक खोलगट भाग दिसला आणि पायऱ्यांच्या रंगमंचासाठी तो नेमका वाटला. खोदकाम वाचलं, बसायच्या सात पायऱ्या उतारावर सहज बसल्या. कागदावर ही निवड चुकीची वाटत नाही. पण खाजणातला खोलगट भाग म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या खाचरांचं पाणी गोळा होऊन उघाडीकडे जायची जागा. रंगमंच नेमका तिथेच बसला.

रंगमंचाचं पाणी काढायला ६०० मिलिमीटर व्यासाचा एक काँक्रीट पाइप भिंतीखालून नाल्यात सोडला होता. पाइपाचा तळ नाल्याच्या तळापेक्षा जेमतेम १५ सेंटिमीटर वर. तोंडाला झडप नव्हती.

अडचण

पहिली काही वर्षं तक्रारी किरकोळ होत्या. आजूबाजूचे सेक्टर भरत गेले, नाल्यात पाणी आणि गाळ वाढला, आणि दर पावसाळ्यात रंगमंचाच्या खालच्या तीन-चार पायऱ्या बुडू लागल्या. ट्रॅकचा पश्चिमेकडचा ३०० मीटर भाग जुलै-ऑगस्टमध्ये जवळपास दीड महिना बंद असायचा. सकाळी फिरणारी मंडळी मग हिरवळीतून आडवी जायची. दोन पावसाळ्यांत तिथे चिखलाची पायवाट पडली, ती पुढे उन्हाळ्यातही मिटली नाही. रंगमंचाजवळच्या दिव्यांची जोडपेटी जमिनीपासून फक्त ३० सेंटिमीटरवर होती. ती दोनदा पाण्याखाली गेली. दुसऱ्या वेळी ओल्या खांबाला हात लावल्यावर एका मुलाला हलका झटका बसला. तेव्हा हा विषय गैरसोयीचा राहिला नाही, सुरक्षेचा झाला.

त्याच काळात पश्चिमेकडची हिरवळ पावसाळ्यानंतर पट्ट्यापट्ट्यांनी जळू लागली. माळ्यांनी आधी हुमणी समजून औषध घातलं, मग युरिया दिला. जळणं वाढतच गेलं.

निदान

उद्यान विभागाचं म्हणणं होतं की पाइप अपुरा पडतो. अभियांत्रिकी विभागाचा प्रस्तावही तयार होता: ९०० मिलिमीटरचा पाइप टाका, जोडीला पंप बसवा. हा प्रस्ताव थांबला तो एका सुरक्षारक्षकाच्या वहीमुळे.

रंगमंचाचं आरक्षण असलं की पाणी उतरलंय का, हे सांगण्याची जबाबदारी त्याच्याकडे होती. म्हणून तो रोज सकाळी ७ आणि दुपारी २ वाजता पाणी कुठल्या पायरीला टेकलंय ते पाहायचा, कडेच्या भिंतीवर गेरूने बारीक रेघ ओढायचा आणि वहीत तारीख, वेळ, पायरी, पाऊस आहे की उघडीप, एवढं लिहायचा. जून ते सप्टेंबरच्या या नोंदी पंचांगाशेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे, पाऊस अजिबात नसतानाही, दुपारची रेघ सकाळच्या रेघेपेक्षा वर होती. आपल्या किनाऱ्यावर उधाणाची मोठी भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास येते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, हा फरक नाहीसा व्हायचा.

म्हणजे पाणी बाहेर जात नव्हतं एवढंच नाही. नाल्यातलं पाणी पाइपातून आत येत होतं. धारण तलावाच्या फ्लॅप गेटच्या फटीत ओंडका आणि प्लॅस्टिक अडकल्यामुळे गेट पूर्ण मिटत नव्हतं, ते नंतर पाहणीत आढळलं. हिरवळ जळण्याचं कारणही इथेच सापडलं. पश्चिमेकडच्या मातीची विद्युतवाहकता मोजली तर ती ४ डेसिसीमेन्स प्रतिमीटरच्या वर. शेतीशास्त्रात याच आकड्यापासून माती खारी धरतात. खाऱ्या मातीत रोपाला पाणी ओढून घेता येत नाही, आणि वरून युरिया दिला की क्षारांचा भार आणखी वाढतो.

पाणी मुरतं का, हेही तपासलं. ३० सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि खोलीचे पाच खड्डे घेतले, ते आदल्या रात्री भरून भिजत ठेवले आणि सकाळी पुन्हा भरून तासागणिक पाणी किती उतरतं ते मोजलं. पूर्वेकडच्या मुरमात पाणी झपाट्याने उतरलं. पश्चिमेला भरावाचा मुरूम ४० ते ५० सेंटिमीटरच होता, त्याखाली खाडीची निळसर काळी चिकणमाती. तिथल्या खड्ड्यांतलं पाणी संध्याकाळपर्यंत बोटभरही हललं नव्हतं. शोषखड्डे सुचवणाऱ्यांना यापेक्षा वेगळं उत्तर द्यावं लागलं नाही.

भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गावनकाशा काढला. शेजारच्या गावठाणातले दोन वयस्कर शेतकरी तो घेऊन उद्यानात फिरले. बांध कुठून जात होता हे त्यांनी पायाने दाखवलं आणि उघाडीची जागा सांगितली. ती सध्याच्या पाइपापासून ३० मीटरांवर निघाली.

तोललेले पर्याय

हिशेब असा मांडला. १० हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० घनमीटर पाणी होतं. फरशी, छपरं आणि भिजून तुडुंब झालेली हिरवळ धरून त्यातलं निम्मं वाहून खाली येतं असं मानलं, तर ५,००० घनमीटर. कोकण किनाऱ्यावर जुलैत एका दिवसात २०० मिलिमीटर पडणं नवलाचं नाही. तेव्हा हाच आकडा १०,००० होतो.

*भराव घालून कोपरा उचलणं.* फिरणाऱ्यांच्या संघटनेची ही मागणी होती, आणि ती समजण्यासारखी होती. दीड हेक्टरवर ६० सेंटिमीटर म्हणजे ९,००० घनमीटर दाबलेला मुरूम. दाबताना बसणारी माती धरून सुमारे १०,८००, म्हणजे १२ घनमीटरच्या हायवा डंपरच्या ९०० खेपा. खर्चापेक्षा मोठी अडचण झाडांची होती. या भागात वाढलेली दीडशेच्या आसपास झाडं होती: वर्षावृक्ष, करंज, सोनमोहोर. खोड जिथे फाकून मुळं होतं तो बुंधा उघडा राहावा लागतो. त्यावर दोन फूट माती चढली की सालीला हवा मिळत नाही, ती कुजते आणि वरच्या मुळांचा श्वास कोंडतो. झाड लगेच मरत नाही, दोन-तीन पावसाळ्यांत शेंड्याकडून वाळत येतं. म्हणून त्याचा दोष कुणी भरावाला देत नाही. १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हे तोडण्यातच मोडतं, हे इथे विसरून चालत नाही. शिवाय उचललेल्या कोपऱ्यातलं पाणी नाहीसं होत नाही. ते दक्षिणेच्या सोसायटीच्या तळमजल्याकडे वळलं असतं.

*मोठा पाइप आणि पंप.* झडपेविना मोठा पाइप म्हणजे उलट येणाऱ्या पाण्याला मोठा दरवाजा. पंपाबद्दल बोलायचं तर सेकंदाला पाव घनमीटर पाणी ३ मीटर उचलायला १५ अश्वशक्ती लागते, वीज गेली तर जनित्र लागतं, आणि पाणी ओतायचं तुडुंब भरलेल्या नाल्यातच.

*कोपऱ्याला पाणी धरू देणं.* १.२ हेक्टरचा भाग सरासरी ६० सेंटिमीटर पाणी धरेल असा घडवायचा, म्हणजे ७,२०० घनमीटरची जागा. पाइपाच्या तोंडाला झडप. भरतीला झडप मिटेल आणि पाणी आत थांबेल, ओहोटीला सुटेल. ६०० मिलिमीटरचा पाइप पूर्ण वाहिला तर तासाला सुमारे ९०० घनमीटर नेतो. एका ओहोटीत पाच तास मिळाले तर ४,५००. भरलेला कोपरा दोन ओहोट्यांत, म्हणजे साधारण एका दिवसात रिकामा होतो. ट्रॅक मात्र तिथून हलवावा लागणार होता.

निर्णय

तिसरा पर्याय पटायला वेळ लागला, आणि अडलं ते डासांवर. "उद्यानात डबकं" ही कल्पनाच रहिवाशांना मान्य नव्हती. डेंग्यू-मलेरिया पाहिलेल्या वस्तीत ही भीती योग्यच आहे, तिला घाबरटपणा म्हणणं अन्यायाचं होईल. उत्तर हिशेबातून द्यावं लागलं. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठवडा लागतो, त्यामुळे ७२ तासांत रिकामी होणारी जागा डास पोसत नाही. पोसतात ते तळाचे छोटे खळगे. म्हणून तळाला पाइपाकडे सलग उतार आणि मधोमध एकच खोल, कायम ओला डोह, त्यात गप्पी मासे, असं ठरलं. ७२ तासांची अट लेखी स्वरूपात घातली गेली. ती मोडली तर पुढच्या वर्षी पर्याय पुन्हा उघडायचे, हेही नोंदलं. या एका अटीने बैठक पुढे सरकली.

रंगमंच पाडायचा की ठेवायचा यावर मतं फुटली. शेवटी खालच्या तीन पायऱ्या पाण्याला सोडल्या, वरच्या चार तशाच ठेवल्या. कार्यक्रमांसाठी कारंज्याजवळ साधा ओटा बांधला.

काम

मान्यता मार्चमध्ये मिळाली. मृगाच्या आत माती बसवायची तर हातात अडीच महिने होते.

प्रथम झडप बसवली. लोखंडी झडप खाऱ्या पाण्यात टिकत नाही, म्हणून जाड रबराची, स्टेनलेस बिजागरीची घेतली. तिच्या आतल्या बाजूला फळ्या सरकवता येतील असा काँक्रीटचा खाचा केला. फळ्या टाकून पाण्याची पातळी १०-१० सेंटिमीटरने वरखाली करता येते.

नंतर खोदाई. सरासरी ३० सेंटिमीटर उकरून निघालेला मुरूम बाहेर न नेता त्याचाच बांध घातला, जुन्या नकाशातल्या बांधाच्या रेषेला जवळपास धरून. माथा २.४ मीटर रुंद, दोन्ही बाजूंना २ ला १ उतार. मुरूम १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा आणि मगच पुढचा थर. ट्रॅक आता या बांधावरून जातो. जिथे रेषा झाडाशी आली तिथे ट्रॅक वळवला आणि बुंध्याभोवती किमान १ मीटर जागा उघडी ठेवली.

विजेच्या जोडपेट्या सर्वांत वरच्या पाणरेषेपेक्षा ६० सेंटिमीटर उंच चौथऱ्यावर घेतल्या आणि प्रत्येक फीडरला (वीज नेणाऱ्या मुख्य तारेला) गळती होताच प्रवाह तोडणारा ब्रेकर बसवला. क्रमात हे काम चौथं होतं. ते पहिलं असायला हवं होतं.

लागवड पाण्याच्या पट्ट्यांप्रमाणे केली. डोहाच्या कडेला समुद्रफळ, अधूनमधून बुडणाऱ्या उतारावर परसपिंपळ, करंज आणि अर्जुन, बांधाच्या पायथ्याशी उंडी आणि ताम्हण. बांध धरून ठेवायला वाळा.

पहिला पावसाळा

तीन गोष्टी बिघडल्या.

पाइप बांधाखालून जातो तिथे रोलर पोचत नाही, म्हणून माती हाताने ठोकली होती. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाइपाच्या बाहेरच्या अंगाने पाणी झिरपू लागलं. आधी गढूळ धार दिसली, मग बांधाच्या माथ्यावर ताटलीएवढा खळगा पडला. गढूळ धार म्हणजे आतली माती वाहतेय. नुसती ओल असती तर थांबता आलं असतं. रक्षकाने ती त्याच दिवशी कळवली, वाळूच्या गोण्यांनी तात्पुरतं धरलं आणि उघडीप मिळताच पाइपाभोवती काँक्रीटची कॉलर घालून चिकणमाती भरली. एक-दोन दिवस उशीर झाला असता तर बांधच फुटला असता.

पाइपाच्या तोंडाशी कचरा अडवायला लावलेली जाळीही चुकली होती. उभे गज, ५ सेंटिमीटर अंतरावर. वर्षावृक्षाची बारीक पानं आणि दुधाच्या पिशव्या मिळून एका रात्रीत तिची भिंत झाली. नंतर १० सेंटिमीटर अंतराची, तिरकी जाळी लावली. तिच्यावर कचरा पाण्यासोबत वर सरकतो आणि काठावर उभं राहून दाताळ्याने ओढता येतो.

तिसरी चूक दुरुस्त होणारी नव्हती. नैऋत्येच्या एका तुकड्यात यंत्रचालकाने ७० सेंटिमीटरपर्यंत खोदलं. मुरूम संपून खाली खाडीची माती उघडी पडली, ओली, काळी, सडक्या अंड्यांच्या वासाची. अशी माती हवेशी आली की आम्ल धरते, आणि खार तर तिच्यात होताच. तिथली सगळी रोपं ऑक्टोबरपर्यंत गेली.

बाकी रोपांपैकीही बरीच गेली, कारण कुठे किती दिवस पाणी थांबतं हे पाहायच्या आधीच ती लावली होती. पाण्याच्या पट्ट्या कागदावर आखल्या होत्या, जमिनीवर त्या मीटरभर इकडेतिकडे निघाल्या.

परिणाम

दुसऱ्या पावसाळ्यात बांधावरचा ट्रॅक चार वेळा बंद राहिला, दर वेळी अर्ध्या दिवसापुरता. पाणी एकदाच ७२ तासांपेक्षा जास्त थांबलं. जाळी साफ करणारा माणूस सुटीवर होता आणि बदली नेमलेला नव्हता. उधाणाच्या दिवसांत गेरूची दुपारची रेघ आता सकाळच्या रेघेवरच पडते. दोन पावसाळ्यांत वरचा खार धुऊन निघाला तशी या कोपऱ्याच्या पूर्वेकडच्या काठाची हिरवळ सावरली. चिखलाची पायवाट बुजवली नाही. लोकांनी स्वतःच निवडलेला तो जवळचा रस्ता होता, म्हणून त्यावर मुरूम टाकून ती आराखड्यात घेतली.

पानकणीस न लावता आलं आणि वर्षात डोहाचा निम्मा काठ व्यापून बसलं. दर हिवाळ्यात ते पाण्याखालून कापावं लागतं. वरून कापलं तर पुन्हा फुटतं.

वेगळं काय करता आलं असतं

पातळ्यांची मोजणी आणि गावनकाशा या दोन्ही गोष्टी मूळ आराखड्याच्या वेळीही मिळण्यासारख्या होत्या. पाव मीटरच्या समपातळी रेषा काढल्या असत्या तर रंगमंच पूर्वेला सरकला असता. हे प्रकरण घडलंच नसतं.

दुरुस्तीच्या वेळी लागवड एक वर्ष थांबवायला हवी होती. आधी बांध आणि झडप, मग एक पावसाळा नुसता पाहायचा, खुंट्या ठोकून पाणरेषा नोंदवायच्या आणि झाडं पुढच्या जूनमध्ये. पण त्या आर्थिक वर्षात निधी खर्च झाला नसता तर परत गेला असता, म्हणून घाई झाली. निधीचे दोन भाग करून मागण्याचा मार्ग होता. तो कुणी सुचवला नाही.

सगळ्यात महत्त्वाची उणीव देखभालीच्या निविदेत होती. तिच्यात हिरवळ कापणं चौरस मीटरवर, झाडं नगावर आणि झाडलोट दिवसावर होती. झडप आणि जाळी यांचा उल्लेखच नव्हता, त्यामुळे ते काम कुणाचंच नव्हतं. आता तीन कलमं वाढवली आहेत: जून ते सप्टेंबर जाळी रोज दोनदा साफ करणं, मेअखेर झडपेची बिजागरी सोडवून वंगण देणं, आणि उधाणाच्या प्रत्येक दिवशी भरतीच्या वेळी झडप मिटली का ते पाहून वहीत सही करणं. वही तीच, रक्षकाची. तिचे रकाने फक्त वाढले.

नैऋत्येच्या खाऱ्या तुकड्यावर १५ सेंटिमीटर मुरूम परत पसरला आणि तो तसाच सोडला. गेल्या हिवाळ्यात तिथे खाडीकाठची मोरस आपणहून उगवली. ती काढलेली नाही.